विहिरीची लांब उडी आणि फळीवरचा रिव्हर्स : बेळगावच्या एका डायव्हिंग बॅचचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळच्या बॅचला, चौदा वर्षांची एक मुलगी ३ मीटरच्या स्प्रिंगबोर्डवरून, म्हणजे उसळणाऱ्या फळीवरून, रिव्हर्स प्रकारचा सूर मारायला गेली आणि पाठीवर सपाट आपटली. ३ मीटरवरून नुसतं सुटलं तरी पाण्याला लागताना वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो, आणि फळीने वर फेकलं असेल तर त्याहून जास्त. पाठ लालबुंद झाली, श्वास अडकला, डाव्या कानात कळ आली. पुढच्या पंधरवड्यात अकरा मुलांच्या बॅचमधली सात यायची बंद झाली.

मुलगी, प्रशिक्षक, टँक यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकरण जितकं मुलीचं आहे तितकंच प्रशिक्षकाचं. उत्तम डायव्हर असलेल्या माणसाला शिकवताना नेमकं काय दिसत नाही, ते यात स्पष्ट दिसतं.

प्रशिक्षक बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातले, मार्कंडेय नदीच्या काठच्या गावातले. अकराव्या वर्षी लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत निवड झाली. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातही अशी कंपनी आहे, पण तिची ओळख कुस्तीची. डायव्हिंगसाठी पोराला गाव सोडावं लागलं. पुढे सेनादलाकडून राष्ट्रीय स्पर्धा, १० मीटर प्लॅटफॉर्मवर मनगट आणि खांद्याचं दुखणं, मग फक्त स्प्रिंगबोर्ड. सतरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन घेऊन ते परत आले. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही त्यांनी केला. टँकवर नोकरी मिळाली ती मात्र जीवरक्षकाची. उन्हाळ्यात पोहायला शिकणाऱ्यांच्या फीवर टँक चालतो, डायव्हिंगवर कुणाचंच पोट चालत नाही. त्यामुळे डायव्हिंगची बॅच सुरू असतानाही त्यांचा एक डोळा उथळ बाजूला खेळणाऱ्या पोरांवर असे. पहिली चूक इथेच होती, आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. ज्याच्यावर पहाऱ्याची जबाबदारी आहे त्याने त्याच वेळी फळीवरची मुलं शिकवू नयेत.

बॅचमधली अकराच्या अकरा मुलं विहिरीत पवायला शिकलेली. कुणी भोपळा बांधून, कुणी पाठीला प्लॅस्टिकचा डबा बांधून. मुटका मारणं, सुळकी मारणं, काठावरून उलटी उडी घेणं, सगळं येत होतं. पाण्याची भीती नावाला नाही. अशा पोरांना पंधरा दिवसांत फळीवर चढवायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल. प्रशिक्षकांनाही वाटलं.

आधी रिव्हर्स म्हणजे काय ते सांगायला हवं. डायव्हिंगमध्ये सुरांचे सहा गट आहेत : पुढचा, मागचा, रिव्हर्स, इनवर्ड (तोंड फळीकडे, गिरकीही फळीकडे), ट्विस्टचा (शरीराला पीळ देत) आणि हातांवर उभं राहून मारायचा. पहिले पाच फळीवरून मारतात, सहावा फक्त प्लॅटफॉर्मवरून. रिव्हर्समध्ये तोंड पाण्याकडे असतं, उडीही पुढेच घ्यायची, पण शरीर फिरतं मागे, म्हणजे फळीच्या दिशेने. पाय समोरून वर येतात, डोकं फळीकडच्या बाजूने खाली जातं. म्हणून सगळ्यांत जास्त धास्ती याच गटाची. सुराला आकड्याची खूण असते. ३०१ सी म्हणजे रिव्हर्स गट, अर्धी गिरकी, टक स्थिती (गुडघे छातीशी). ३०२ सी म्हणजे तसाच, पण पूर्ण गिरकी घेऊन पाण्यात पाय आधी.

रिव्हर्स चुकतो तो दोन तऱ्हांनी. डोकं लवकर मागे टाकलं की शरीर फळीकडे ओढलं जातं, कमरेला कमान येते आणि डोकं फळीला लागायचा धोका होतो. उलट उडी फार पुढे घेतली की फळीने दिलेला जोर पुढे जाण्यात खर्च होतो, गिरकीला उरत नाही. गिरकी अर्ध्यावर थांबली की शरीर पाण्यावर आडवं होतं, तोंड आभाळाकडे. मुलगी पाठीवर पडली ती या दुसऱ्या प्रकारात.

प्रशिक्षकांनी मात्र त्या दिवशी जी सूचना दिली ती पहिली चूक ओढवणारी होती. "भ्यालीस म्हणून डोकं मागं टाकलं नाहीस. डोकं टाक की मागं!" त्याआधीच्या आठवड्यातही ते हेच सांगत होते. मुलगी सांगितल्याप्रमाणे डोकं मागे टाकायची, पण उडी लांबच घ्यायची. दोन्ही एकत्र झालं की कमान येते, गिरकी येत नाही. भीती नव्हती असं नाही, पण दुखणं भीतीचं नव्हतं.

त्या दिवशी पाण्यात जे केलं ते बरोबर होतं, म्हणून नोंदवतो. पाठीवर आपटलेल्याला हाताला धरून ओढून बाहेर काढायचं नाही. पाण्यातच उताणं तरंगत ठेवायचं, मान हलू द्यायची नाही, आणि विचारायचं : हातापायाला मुंग्या आहेत का, मान दुखते का, बोटं हलतात का. एकाचं जरी उत्तर वाईट आलं तरी पाठीखाली फळी दिल्याशिवाय बाहेर नाही, आणि १०८ ला फोन. इथे उत्तरं ठीक होती. घरी गेल्यावर मात्र काकूने कानात कोमट तेल सोडलं. आपटल्यावर दुखणाऱ्या कानात तेल, पाणी, थेंब, काहीही घालायचं नसतं. पडद्याला भोक पडलं असेल तर ते सगळं आत जातं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पडद्याला बारीक भोक निघालं. भोक आपोआप भरेल, पण सहा आठवडे डोकं पाण्याखाली न्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

या सहा आठवड्यांनीच प्रकरण सुटलं. पाणी बंद झालं म्हणून कोरड्या जागेवर बघावं लागलं, आणि तिथे जे दिसलं ते पाण्यावर कधी दिसलं नसतं.

आधी त्या सकाळचा व्हिडिओ. एका पालकाने बाजूने, फळीच्या उंचीवरून, मोबाइलच्या संथगती चित्रणावर तो घेतला होता. फळीच्या टोकापासून पाण्यात शिरण्याची जागा मोजायला टँकच्या लेनची दोरी कामी आली. पुढे दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी फळीखालून सरळ पुढे ताणून ठेवायची पद्धतच पडली. मुलगी टोकापासून दोन मीटरच्याही पलीकडे पडली होती. एवढ्या कमी गिरकीच्या सुराला एक मीटरच्या आसपास पुरतं. मग राहिलेल्या इतर मुलांना १ मीटरवरून नुसती सरळ उडी मारायला लावली, पाय आधी, काही न करता. सगळीच दीड-दोन मीटरवर पडली.

कारण विहिरीत आहे. या भागातल्या जुन्या विहिरी दगडी बांधणीच्या, भिंतीतून बाहेर आलेल्या पायऱ्या, एका बाजूला मोटारीचा लोखंडी पाइप. तिथे पोराला पहिला धडा मिळतो तो असा : "लांब उडी मार, न्हाईतर पायरीला लागंल." हा धडा शंभर टक्के खरा आहे, त्याने पोरं जगतात. वर्षानुवर्षं पायांनी तोच गिरवलेला असतो. पुढचा सूर मारताना तो फारसा आड येत नाही, उलट बरा दिसतो. मागच्या सुरालाही थोडाफार चालतो. रिव्हर्सला मात्र तो गिरकीच खाऊन टाकतो. विहीर आणखी एक गोष्ट शिकवते : डोकं पाण्यात शिरलं की लगेच छाती उचलून वर वळायचं, कारण तळ कुठे आहे ते माहीत नसतं. त्यामुळे हात सुटे, कोपर वाकलेले, कंबर मोडलेली.

मग प्रशिक्षकांच्या डोळ्याला हे का दिसलं नाही? तेही त्याच विहिरीतून आलेले. पण अकरा ते तेरा या वयात त्यांच्याकडून ती सवय पट्टा बांधून, ट्रॅम्पोलिनवर, हजारो वेळा करवून काढून टाकली गेली होती. काढून टाकली गेली हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्यांना आठवत होता तो पूर्ण झालेला रिव्हर्स, त्यात हवेत असताना जाणवणारी खूण म्हणजे डोकं मागे जाणं, म्हणून तेच ते सांगत होते. पायऱ्या गाळल्या गेल्या त्या आळसाने नाही. त्या पायऱ्या होत्या हेच ते विसरले होते. खेळाडू प्रशिक्षक झाला की पहिल्या वर्षी हे हमखास होतं. त्यातही ज्याला खेळ लहानपणी लवकर आला, त्याला जास्त.

आता टँक. मुलगी पडली तिथे भिंतीवर ऑइलपेंटने '४ मी.' लिहिलेलं होतं. गवंडी वापरतात तो ओळंबा दोरीला बांधून फळीच्या टोकाखाली सोडला तर पाण्याची खोली ३.४५ मीटर भरली. लिहिलेला आकडा काठापासूनचा होता. पाणी गटरपर्यंत भरलेलं असलं तरी काठाच्या २५ सेंटिमीटर खाली असतं, आणि एप्रिलमध्ये ते आणखी ३० ने उतरलेलं होतं. जागतिक जलक्रीडा संघटनेच्या मापांत १ मीटर फळीखाली किमान ३.४ आणि ३ मीटर फळीखाली किमान ३.७ मीटर पाणी लागतं, आणि जवळजवळ तेवढीच खोली पुढे पाच-सहा मीटर टिकायला हवी. १० मीटर प्लॅटफॉर्मला किमान साडेचार. म्हणजे त्या दिवशी ३ मीटरची फळी डोक्याच्या सुरासाठी बंदच असायला हवी होती. मुलगी पाठीवर पडली म्हणून तळाचा प्रश्न आला नाही, एवढंच.

ठरलं ते असं : दर सोमवारी ओळंबा सोडायचा, तीन ठिकाणी (टोकाखाली, तीन मीटर पुढे, सहा मीटर पुढे), आकडा वहीत लिहायचा, आणि ३.७ च्या खाली गेला की ३ मीटरच्या शिडीला साखळी. व्यवस्थापनाला हे पटवायला दोन आठवडे गेले, कारण उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचे पैसे लागतात.

फळी अॅल्युमिनियमची, जुनी. तीत तीन दोष सापडले. एक, वरचा खरखरीत थर टोकाकडे झिजलेला. आदल्या वर्षी कुणीतरी त्यावर ऑइलपेंट मारला होता, त्यामुळे ओल्या पायाखाली फळी काचेसारखी निसरडी व्हायची. रंग खरवडून काढला आणि इपॉक्सीत बारीक वाळू घालून नवा थर दिला. दोन, टोक एका बाजूला झुकलेलं. मिस्त्रीची पाण्याची नळी लावली तेव्हा डावी बाजू सव्वा सेंटिमीटर खाली भरली, म्हणजे पोरं आपोआप डावीकडे पडणार. मागच्या बिजागरीचे बोल्ट सैल होते. तीन, फल्क्रम, म्हणजे फळीखालचा चाकाने सरकवायचा टेकू. हे चाक मागे सरकवलं की फळी सैल होते, पाण्याकडे सरकवलं की कडक. प्रशिक्षकांनी ते आपल्या सवयीच्या जागी, बरंच मागे ठेवलेलं. सैल फळी उशिरा वर येते. त्यांना ती वाट बघता येते, ३६ किलोच्या पोरीला नाही. फळी वर यायच्या आतच ती सुटायची, मग उंची मिळत नाही आणि उंची नसली की पोर पुढेच पळतं. चाक मध्याच्या थोडं पुढे आणलं आणि खडूने खूण करून पुढचे दोन महिने कुणालाच हलवू दिलं नाही. चाक कुठे ठेवायचं यापेक्षा ते रोज एकाच जागी असणं नवशिक्याला जास्त महत्त्वाचं, कारण त्याला फळीचा ताल शिकायचा असतो.

जून ते सप्टेंबर बेळगावात उघड्या टँकवर फार काही होत नाही. पाऊस, वारा, ढगाळ उजेड आणि थंड पाणी. डायव्हिंगला पाणी किमान २६ अंश हवं. त्याखाली पोरं कुडकुडतात, आखडतात आणि आखडलेलं शरीर चुकतं. हा काळ गावच्या तालमीत गेला. तालमीत मॅट होती आणि वर छताच्या लोखंडी कैच्या. दोन कैच्यांना दोन कप्प्या, जमिनीपासून साडेचार मीटरवर, त्यातून १२ मिलिमीटरची दोरी, खाली कमरेचा पट्टा ज्याच्या दोन्ही बाजूंना फिरणारे हुक. पट्ट्याला ६० किलोचं वाळूचं पोतं बांधून वीस वेळा उचलून सोडलं, कैची आणि गाठी बघितल्या, मगच पोर बांधलं. दोरी ओढणाऱ्याने प्रत्येक उडीला ढील आत घ्यायची असते. ढिली दोरी म्हणजे पट्टा नसल्यासारखंच, वर खोटा धीर मिळतो तो वेगळा. तालमीतल्या पैलवानांची ताकद पुष्कळ, पण पहिल्या दिवशी त्यांनी पोरीला गिरकीच्या मधेच वर उचलून धरलं आणि सगळी हसत सुटली. शेवटी दोरी प्रशिक्षकांनीच धरली.

क्रम असा लागला. पहिले दोन आठवडे रिव्हर्सचं नावही नाही, फक्त शरीराची रेघ : भिंतीला पाठ लावून हात वर, एका तळव्याने दुसऱ्या हाताची बोटं पकडून तळवा आभाळाकडे सपाट, कोपर ताठ, खांदे कानाला चिकटलेले, पोट आत. सपाट तळव्यानेच पाण्यात भोक पडतं आणि त्यातून शरीर मागोमाग जातं. बोटं टोकदार जोडली तर पाणी डोक्यावर बसतं. विहिरीतले सुटे हात जायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

मग मॅटवर उभं राहून सरळ वर उडी. पायाखाली खडूचा एक फुटाचा चौकोन, त्याच्या बाहेर पडलं की ती उडी मोजायची नाही. पहिल्या दिवशी मुलगी वीसपैकी तीनदा चौकोनात पडली. तीन आठवड्यांनी वीसपैकी सतरा. हा सगळा उद्योग दिसायला फालतू आहे आणि पालकांना तो तसाच वाटला. "एवढ्यासाठी पोरगी तालमीत कशाला न्यायची?" असं तिच्या आजोबांनी विचारलंच. पण लांब उडी पायातून निघाली ती या चौकोनात.

त्यानंतर छोट्या ट्रॅम्पोलिनवर पट्ट्यात, उभ्या उभ्या मागची टक गिरकी, आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी पंधरा ते वीस, जास्त नाही. वाढत्या वयात कमरेच्या खालच्या मणक्यांना कमानीचा मार सोसत नाही. कमरेत एका जागी, एका बोटाने दाखवता येईल अशी कळ आली की त्या दिवसाचं काम बंद. सूचना बदलली. "डोकं मागं" कायमचं गेलं. त्या जागी तीन शब्द : "हात, कंबर, गुडघे." हात वर जाऊन थांबायचे, कंबर हातांकडे उचलायची, गुडघे छातीला आणायचे. डोकं आपोआप येतं. पाणी दिसलं की उघडायचं. उघडायची हाक एकाच अक्षराची ठेवली, "हप्". बॅचमध्ये कन्नड बोलणारीही पोरं होती, आणि १ मीटरवरून हवेत मिळणारा वेळ सेकंदभरही नसतो. तेवढ्यात वाक्य ऐकू येत नाही, समजणं लांबच.

ऑक्टोबरात पाणी. आधी १ मीटरवरून नुसती उडी, पडायचं दोरीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गाठीच्या मधे. मग गुडघे उचलून उडी. मग ३०२ सी, पूर्ण गिरकी. पूर्ण गिरकी आधी आणि अर्धी नंतर हे ऐकायला उलटं वाटतं, पण पाय आधी पडत असल्याने फसलं तरी मार कमी, आणि गिरकीला जोर किती लागतो ते शरीराला कळतं. ३०१ सी सगळ्यांत शेवटी. पाण्यावर बागेच्या पाइपने फवारा सोडून ठेवला, कारण स्वच्छ फरशीच्या टँकमध्ये पाण्याचा पृष्ठभागच दिसत नाही. विहिरीचं पाणी काळं, तिथे ही अडचण कधी आली नव्हती.

पहिल्या ३०१ सीच्या दिवशी मुलगी टोकावर गेली आणि थांबली. यासाठी नियम आधीच ठरलेला : दहा आकडे मनात मोजायचे, नाही झालं तर मागे फिरून खाली यायचं आणि ३०२ सी दोनदा मारायचा. खाली कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, "मार, मार" ओरडायचं नाही. ओरडून उडी मारली जाते, पण ती ओरडणाऱ्यासाठी मारलेली असते, आणि पाय पुन्हा जुनीच लांब उडी घेतात. त्या दिवशी ती चार वेळा खाली आली. दुसऱ्या दिवशी "सर, भ्या वाटायलंय, पण जातो" म्हणाली आणि गेली. (इकडच्या बऱ्याच गावांत पोरीही 'जातो' म्हणतात.) दोरीच्या दुसऱ्या गाठीपाशी, थोडी जास्त फिरून, मांड्यांवर पाणी उडवत, पण डोक्याने.

डिसेंबरच्या शेवटी बेंगळुरूला निवडचाचणी. बॅच कर्नाटकात, म्हणून स्पर्धा तिकडे, राणी चन्नम्मा एक्सप्रेसची एक रात्र. डायव्हिंगसाठी नाव असलेलं सोलापूर याहून निम्म्या अंतरावर, पण त्याचा उपयोग सरावापुरता. १ मीटरवर पाच पंचांनी तिच्या ३०१ सीला ५, ४.५, ५, ५.५, ४.५ दिले. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा एकेक गुण गळतो, उरले ५, ५ आणि ४.५. बेरीज १४.५ गुणिले काठिण्यांक १.६, म्हणजे २३.२० गुण. निवड झाली नाही. आदल्या मुलीने फळीवर धाव सुरू करून मधेच थांबवली होती. अशा वेळी प्रत्येक पंचाच्या गुणांतून दोन कापतात आणि पुन्हा थांबलं तर सूर बाद. ते बघूनही हिने धाव मोडली नाही, ही त्या दिवसाची कमाई प्रशिक्षकांनी वहीत लिहून ठेवली आहे.

सोडून गेलेल्या सातांपैकी तिघं परतली. पहाऱ्याला आता दुसरा जीवरक्षक असतो, पण फक्त शनिवार-रविवारी, म्हणून डोक्याचे सूरही त्या दोनच दिवशी. ३ मीटरवरचा रिव्हर्स अजून कुणीच मारलेला नाही. अट ठरलेली आहे : १ मीटरवर सलग तीन सत्रं दहापैकी आठ बरोबर, आणि वहीत त्या सोमवारचा आकडा ३.७ च्या वर. मुलीची दोन सत्रं झाली आहेत. शेवटच्या सोमवारी ओळंबा ३.६२ ला थांबला, आणि टँकरचं अजून ठरायचंय.